आगमनाची नोंद

"लिही," दादा म्हणाला. "मी, खाली सही करणारी विद्यार्थिनी, माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे..."

"निष्काळजीपणा खोड," वहिनी म्हणाली.

"अगं, अर्जात असंच लिहितात."

"मग तुमच्या नावाने लिहा."

बिट्टी पेन धरून बसली होती. कागदावर आत्तापर्यंत नुसतं ‘मी’ उमटलं होतं.

रविवार, सकाळचे दहा. ताईच्या घरचं जेवणाचं टेबल चार खुर्च्यांचं आणि माणसं पाच, म्हणून ताई-दादाचा सगळ्यात लहान भाऊ, धाकटा, खिडकीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसला होता. या घराण्याची रीतच आहे ती. संकट आलं की टेबलाभोवती बसायचं, मोठ्याने सांगायचं आणि लहानाने लिहायचं. धाकटा या देशात आला तो अशाच एका अर्जावर, आणि त्याचं किल्ल्या-कुलपांचं दुकान उभं राहिलं तेही अशाच एका अर्जावर. फरक एवढाच, की तेव्हा सांगायला ताई असायची. आज ताई गॅसपाशी पाठमोरी उभी राहून चौथ्यांदा चहा गाळत होती, आणि तो कुणालाही नको होता.

काय झालं ते मीच सरळ सांगून टाकते, कारण या मंडळींच्या भरवशावर राहिलात तर संध्याकाळ होईल. बाहेरून शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाने, वर्ग सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात स्वतः जायचं. पासपोर्ट दाखवायचा, विमानतळावरचा शिक्का दाखवायचा, राहण्याचा पत्ता द्यायचा. खिडकीवरचं माणूस ते सरकारच्या संगणकात चढवतं. याला म्हणायचं आगमनाची नोंद. काम पाच मिनिटांचं. पण ते राहिलं तर एकतिसाव्या दिवशी व्हिसा आपोआप रद्द होतो, मग तुम्ही वर्गात पहिले असा नाहीतर शेवटचे. बिट्टीची नोंद राहिली. नऊ दिवसांपूर्वी तिला पत्र आलं, की पंधरा दिवसांत कारण दाखवून अर्ज करा, नाहीतर देश सोडा.

आणि त्या कार्यालयात पहिल्या खिडकीवर वीस वर्षं कोण बसतं? आमची ताई. बिट्टीची सख्खी आत्या. जिच्याच घरात, वरच्या खोलीत, बिट्टी राहते.

पत्र आलं त्या दिवशी धाकटा एकच वाक्य बोलला होता, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." ताईने त्यानंतर दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही.

दादा आणि वहिनी, म्हणजे बिट्टीचे आईवडील, काल दुपारी विमानातून उतरले ते थेट या टेबलावर. दादाचं तिकडे चष्म्याचं दुकान आहे. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत "आता दिसतंय? आणि आता?" असं विचारत आलेला माणूस, त्यामुळे घरातही आपण योग्य भिंग लावलं की सगळ्यांना सारखंच दिसेल, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं.

"हे बघा," तो म्हणाला, "ताईकडून विसरलं गेलं. माणूस आहे ती. पण तिने तसं लिहून दिलं तर चौकशी लागेल. घरच्या माणसाची फाइल स्वतः हाताळायची नाही, असा नियम आहे त्यांचा. मग तिची खिडकी जाईल. वीस वर्षांची इज्जत आहे तिची. आणि बिट्टीने ‘मी विसरले’ लिहिलं तर बिट्टीचं काय जातं? पोर आहे, नवीन आहे, समजून घेतील."

"ताई," वहिनीने गॅसच्या दिशेने विचारलं, "विद्यार्थ्याने ‘मी विसरले’ असं लिहिलेले अर्ज किती मंजूर होतात?"

ताईच्या हातातली गाळणी थांबली. "दहातले चार," ती म्हणाली.

"आणि कार्यालयाने ‘आमची चूक’ असं लिहून दिलं तर?"

"ते अर्जापर्यंत जातच नाही. संचालक चार दिवसांत नोंद दुरुस्त करून घेतात."

"ऐकलंत?" वहिनी दादाला म्हणाली.

"ऐकलं. पण चार म्हणजे अगदी कमी नाहीत."

वहिनी एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिची उभी हयात काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेली आहे. नाव, तारीख, वेळ. चिठ्ठी चुकली की माणसाला भलताच रोग सांगितला जातो, हे तिला पक्कं माहीत. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती एक गोष्ट ऐकत आली होती: ताईने सगळ्यांना वर काढलं. धाकट्याला ताईने आणलं. दादाच्या दुकानाचं पहिलं यंत्र ताईने पाठवलं. बिट्टीला प्रवेश ताईने मिळवून दिला. ते सगळं खरंच होतं, त्यात वहिनी काही खोटं काढत नव्हती. पण आपल्या पोरीच्या नळीवर दुसऱ्याची चिठ्ठी लावायला नवरा बसलाय, आणि नणंद चहा गाळतेय, हे तिच्याने बघवेना. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला ताईचा राग येतोय याचीच तिला लाज वाटत होती. जिचं मीठ खाल्लं तिच्यावर डोळे कसे वटारायचे?

"बिट्टी, तूच सांग," दादा म्हणाला. "तुला काय वाटतं?"

बिट्टी म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते, बाबा." आणि ‘मी’ या अक्षरावर तिने पेन पुन्हा फिरवलं. ते जाड झालं.

"चल गं," धाकटा कट्ट्यावरून उडी मारून म्हणाला. "गच्चीचं कुलूप अडकतंय म्हणे. मला दाखव."

गच्चीचं कुलूप अडकत नव्हतं. ते त्यानेच मागच्या महिन्यात बसवलं होतं, आणि त्याने बसवलेलं कुलूप अडकलं तर तो दुकान बंद करेल. पण दादाला एवढं कळत नाही.

वर गच्चीत वाळत घातलेल्या चादरींच्या मागे दोघं उभे राहिले. धाकट्याने खिशातून एक जुनं कुलूप काढलं आणि उगीच उघड-बंद करत राहिला. हाताला चाळा नसेल तर त्याला बोलता येत नाही.

"खरं सांग. तू आठवण करून दिलीस का नाही तिला?"

"दिली."

"किती वेळा?"

"तीनदा. पहिल्यांदा म्हणाली, करते गं. दुसऱ्यांदा म्हणाली, तू अभ्यास कर, हे माझं काम आहे. तिसऱ्यांदा काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून हसली. मग मला विचारायची भीड वाटायला लागली."

"भीड भिकेची बहीण. शाळेत शिकवलं नाही का?"

"काका, तू विचारलं असतंस? तिच्या घरात राहायचं, तिने डबा भरून द्यायचा, आणि तिलाच म्हणायचं का, तुझं काम नीट कर?"

धाकट्यानेही विचारलं नसतं.

"मला मेल येत होते," बिट्टी म्हणाली. "दर आठवड्याला. ‘प्रिय विद्यार्थी, आपली आगमनाची नोंद अद्याप झालेली नाही.’ खाली सही आत्याची. ते आपोआप जातात सगळ्यांना. मी वर वाचायची आणि खाली ती फोडणीला काहीतरी टाकताना गुणगुणत असायची. मला वाटायचं, सही करणारी खालीच आहे, मग मेलचं काय एवढं. शेवटचा मेल आला त्या दिवशी मी तिला दाखवायला जिन्यापर्यंत आले होते. परत फिरले."

"का?"

"लाज वाटली. वर्गात सगळ्यांना सांगून बसले होते ना, की माझी आत्याच आहे तिथे, मला नाही लाईनीत उभं राहावं लागत. विमानतळावरच तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं: आपल्या पोरीला कशाला ते टोकन आणि ती रांग? माझ्यासोबत आलेल्या मुली बघत होत्या. मला इतकं छान वाटलं, काका! मी त्यांच्याकडे वळून हसलेसुद्धा. त्यांच्या सगळ्यांच्या नोंदी पहिल्या आठवड्यात झाल्या."

ती रडली नाही. नाक मात्र लाल झालं. धाकट्याला आठवलं, पंधरा वर्षांपूर्वी तो शिकायला आला तेव्हा याच ताईने त्याला त्याच रांगेत तीन तास उभं केलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, तू आत आहेस ना, मग घे की आत." आणि ती म्हणाली होती, "आत मी तुझी ताई नाही." किती राग आला होता त्याला! कुणाकुणाला सांगितलं होतं ते रडगाणं. आज वाटलं, तीच ताई बरी होती. मग ही विमानतळावर हार घेऊन मिरवणारी बाई कुठून आली? म्हातारपण येतंय तिला. एकटी राहून राहून कंटाळलीय. कुणीतरी आपलं म्हणून आलं आणि तिला मोठेपणा करावासा वाटला. यात पाप ते काय, पण भोगतेय कोण?

"खाली चल," तो म्हणाला. "आणि ते ‘मी’ आता पुन्हा गिरवू नकोस. फाटेल कागद."

खाली दादाने दुसरा कागद घेतला होता आणि स्वतःच लिहायला बसला होता. धाकट्याने तो त्याच्या हाताखालून काढून घेतला.

"काय रे हे?"

"दादा, पोरगी नाही लिहिणार."

"तू काल रात्री फोनवर म्हणालास की दादा, तुझं बरोबर आहे!"

"काल मला अर्धंच माहीत होतं. तीनदा विचारलं तिने ताईला. तीनदा. आता तिने लिहायचं, मी विसरले?"

दादाने ताईकडे पाहिलं. ताईने कप खाली ठेवला. वहिनीने खुर्ची थोडी पुढे ओढली, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापुढे ओढते तशी.

"ताई, रागावू नका," वहिनी म्हणाली, "मी फक्त तारखा विचारते. फॉर्म तुमच्याकडे कधी आला?"

"ती आली त्याच संध्याकाळी. मंगळवारी."

"कुठे ठेवलात?"

"डब्याच्या पिशवीत."

"म्हणजे रोज ऑफिसला जात होता आणि रोज परत येत होता?"

"हो."

"डबा रोज काढत होतात?"

ताईने मान हलवली.

"मग विसरलात कशा?"

"अगं, पुरे!" दादा ओरडला. "उलटतपासणी लावलीस का मोठ्या बहिणीची? तिच्यासमोर तू..."

"थांब," ताई म्हणाली. "बरोबर विचारतेय ती. वीस वर्षांत मीसुद्धा मुलांना हेच विचारलंय."

आता ताईच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण तिने ते नऊ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. ‘विसरले’ हा शब्द तिने स्वतः काढलाच नव्हता. पत्र आलं तेव्हा बिट्टी म्हणाली, "आत्या, विसरलीस का गं?" आणि ताई गप्प राहिली. दादा फोनवर म्हणाला, "होतं असं, विसरतं माणूस," आणि ताई गप्प राहिली. तो शब्द दुसऱ्यांनी आणून तिच्या अंगावर पांघरला आणि तिने तो काढून टाकला नाही. तिला वाटलं, विसरभोळी म्हणाले तर म्हणू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून झाकून तिचा हात आता दुखायला लागला होता.

"मी विसरले नाही," ती म्हणाली.

कुणालाच आधी कळलं नाही, की ती काय म्हणाली. दादा तर म्हणाला, "तेच तर, तू नाही विसरणार, पण कामाच्या गडबडीत..."

"दादा, ऐक. मी विसरले नाही. रोज लक्षात होतं. रोज सकाळी डबा काढताना फॉर्म हाताला लागायचा."

ताईने गॅस बंद केला.

"आमच्याकडे तिसऱ्या खिडकीवर ती शिक्केवाली आहे," ताई म्हणाली. शिक्केवाली म्हणजे तिच्या हाताखालची मुलगी. शिक्का इतक्या जोरात मारते, की सगळं ऑफिस तिला त्याच नावाने ओळखतं. "बिट्टी यायच्या आदल्या दिवशी तिने आपल्या घरमालकिणीच्या भाच्याची नोंद रांग सोडून आधी करून दिली. पाच मिनिटांचं काम. मी पाहिलं. आणि मी उभी राहिले, बाहेर अकरा मुलं होती, आणि त्यांच्यासमोर तिला म्हणाले, ‘हे सरकारी काम आहे, तुझ्या घरचं हळदीकुंकू नाही.’ ती रडली. मी थांबले नाही. म्हणाले, ‘ज्याला घरचे आणि बाहेरचे यातला फरक ठेवता येत नाही त्याने खिडकीवर बसू नये.’"

"बरोबरच बोललीस," दादा पुटपुटला.

"दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी काय बोलले ते तू ऐकलं नाहीस, तू तिकडे होतास. ही पोर उतरली, हार घालून घेतला, गालावर गाल घासला, आणि मी विरघळले. फॉर्म घेतला तिच्याकडून. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं. माझ्या नावाने नोंद करता येत नाही, नातं आहे. म्हणजे फॉर्म शिक्केवालीलाच द्यायचा. आणि काय सांगून द्यायचा? ‘ही माझी भाची, रांगेत नाही उभी राहणार’?"

"मग तिला सांगायचं, जा उभी राहा," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"सांगायला जिन्यापर्यंत गेले होते मी. दोनदा. तिला काय म्हणू? आत्याने बढाई मारली, विसर? वाटलं, उद्या सांगू. भिजत घोंगडं. शेवटच्या शुक्रवारी पाच वाजता सगळे गेले, मी एकटी बसले. तिचं नाव टाकलं, पासपोर्टचा नंबर टाकला, सगळं भरलं. फक्त बटण दाबायचं. दाबलं तर खाली माझं नाव येणार, आणि शिक्केवाली सोमवारी ते वाचणार. मी संगणक बंद केला. मनाला सांगितलं, शनिवार-रविवार मोजत नाहीत, सोमवारी बघू. दादा, शनिवार-रविवार मोजतात. वीस वर्षं मीच पोरांना ओरडून सांगतेय, की मोजतात."

बिट्टी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे मी त्या मेलची वाट बघत वर जागी असायचे तेव्हा तूही जागीच असायचीस?"

"हो."

"आणि सकाळी डबा द्यायचीस."

"हो गं."

"मला वाटलं, तुला माझं ओझं झालंय. म्हणून टाळतेयस."

ताईने हे ऐकलं आणि पदराने नाही, ओट्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. तिला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. शिक्केवालीपुढे मान खाली घालायला नको म्हणून पोरीला महिनाभर परकी करून ठेवली. आपलं नाक वर राहावं म्हणून तिचं शिक्षण पणाला लावलं, आणि वर तिच्याच हातून माफीचा अर्ज लिहून घेताना चहा गाळत उभी राहिले. लाज वाटते लाज वाटते म्हणतात, ती अशी असते तर. छातीत नाही, तळपायात वाटत होती तिला.

दादा तेवढ्यात उठला, नि परत बसला. चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिला. या माणसाने काल विमानात वहिनीला बजावलं होतं, "ताईसमोर एक शब्द बोलायचा नाही." आता त्याला बायकोकडे बघवत नव्हतं.

"मी पोरीला खोटं लिहायला बसवलं," तो शेवटी म्हणाला. "आणि तू बसू दिलंस, ताई."

"बसू दिलं."

"निदान आता एक कर. ‘विसरले’ लिही. तूच लिही, तुझ्या नावाने. चूक कार्यालयाची ठरेल, बिट्टी सुटेल. विसरलं म्हणून फार तर ताकीद देतील तुला. हे बाकीचं सगळं कशाला चव्हाट्यावर? शिक्केवालीचं, शुक्रवारचं... कोण विचारतंय?"

खरं सांगायचं तर दादा या वेळी चुकीचं बोलत नव्हता. पोर सुटत होती, बहीण वाचत होती. धाकट्यानेसुद्धा मान हलवली. म्हणाला, "एवढं तर चालेल, ताई." वहिनीने मात्र मान हलवली नाही, आणि ताई तिच्याकडेच बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा ताईने वहिनीकडे परवानगी मागितल्यासारखं पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू," वहिनी म्हणाली. "पोरीचं नाव कोरं राहिलं की माझं भांडण संपलं. तुमच्या नावापुढे काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, चुकीची चिठ्ठी एकदा लावली ना, की पुढे दर वेळी तीच लावावी लागते."

ताईने खुर्ची ओढली. बिट्टीपुढचा कागद घेतला, तो जाड ‘मी’ असलेला, आणि बाजूला ठेवून नवा घेतला. अर्धा तास लिहीत होती. धाकट्याने मधेच उठून तो चौथा चहा मोरीत ओतून टाकला.

सोमवारी ताई कर्मचाऱ्यांच्या दाराने गेली नाही. बिट्टीबरोबर पुढच्या दाराने आत शिरली, यंत्रातून टोकन घेतलं आणि मुलांमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. खुर्ची फारच बुटकी आहे, हे तिला वीस वर्षांत माहीत नव्हतं. दोन मुलं तिला ओळखून उभी राहिली, "मॅडम, तुम्ही इथे?" ती म्हणाली, "बसा बसा. मीही रांगेतच आहे."

एक तास दहा मिनिटांनी तिसऱ्या खिडकीवर नंबर लागला. शिक्केवालीने वर पाहिलं आणि अर्धवट उठली.

"मॅडम? आतून या ना."

"नको. हे वाच आधी."

शिक्केवालीने कागद वाचला. वाचता वाचता तिचे कान लाल झाले, ते ताईला दिसलं. पत्रात तिचं नाव होतं, त्या सोमवारची तारीख होती, आणि एक वाक्य होतं, की ‘ज्या गोष्टीसाठी मी तिला सर्वांसमोर बोलले, तीच मी करणार होते, आणि ते तिला कळू नये म्हणून मी काहीच केलं नाही.’ मागे रांगेत आठ-दहा मुलं होती. ताईची खात्री होती की आता ती मोठ्याने वाचेल. ताईने वाचलं असतं.

शिक्केवालीने कागदाची घडी घातली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे मी वर नेऊन देते. पाच मिनिटं बसा."

पाच मिनिटांची पंचवीस झाली. परत आली तेव्हा हातात संचालकांची सही होती. नोंद गुरुवारपर्यंत दुरुस्त होईल, बिट्टीने वर्गात जायला हरकत नाही. आणि मॅडमना वर बोलावलंय, पण घाई नाही, आज दिवसभरात कधीही. किल्ली मात्र आत्ताच द्यायला सांगितली आहे, पहिल्या खिडकीच्या खणाची.

ताईने पर्समधून किल्ली काढली आणि काचेखालून सरकवली. शिक्केवालीने ती न बघता घेतली. तिला बिचारीलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"या आता पुढे," ती बिट्टीला म्हणाली. "उरलेला फॉर्म भरून घेऊ. पासपोर्ट? शिक्का? हां. पत्ता?"

बिट्टीने ताईच्या घराचा पत्ता सांगितला. शिक्केवालीने टाइप केला.

"अडीअडचणीला इथे कुणाला कळवायचं? जवळचं माणूस?"

ताईने नकळत घसा साफ केला. तिचा नंबर सांगायला ती पुढे वाकलीसुद्धा. वीस वर्षं या रकान्यावर पोरं अडतात, हे तिला माहीत होतं. परक्या गावात कुणाचं नाव घालायचं, त्यांना सुचत नाही. कितीतरी पोरांना तिने सांगितलं होतं, घाला माझं, मी आहे.

बिट्टीने आत्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "काका. माझे धाकटे काका."

"नंबर?"

बिट्टीने मोबाईल चाचपला. तो घरी राहिला होता, आणि काकांचा नंबर तिला पाठ नव्हता. शिक्केवाली बोटं कळांवर ठेवून थांबली. मागच्या मुलाने टोकन बघितलं, घड्याळ बघितलं.

"मी सांगते," ताई म्हणाली. आणि काचेच्या त्या भोकाशी तोंड नेऊन तिने धाकट्याचा नंबर सांगितला, एकेक आकडा, सावकाश, शिक्केवालीला नीट ऐकू जाईल असा.